राष्ट्राध्यक्षाचं डोकं ठिकाणावर आहे का, हे ठरवायचं कुणी?

हडसनकाठ
२७ जून २०२४ ची बायडन-ट्रम्प चर्चा इथे न्यू जर्सीत आम्ही काही मराठी घरांनी एकत्र बसून पाहिली होती. पाव तासात निम्मी मंडळी फोनमध्ये डोकं घालून बसली, कारण बायडनकडे बघवत नव्हतं. पुढे २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. तोवर 'त्यांना लहानपणापासून तोतरेपणा आहे हो, म्हणून अडखळतात' असं सांगणारे आमचे मित्र आता ट्रम्पची प्रत्येक भरकटलेली वाक्यरचना कापून व्हॉट्सॅपवर टाकतात. आणि तेव्हा बायडनच्या क्लिपा फिरवणारे आता म्हणतात, 'ती त्यांची बोलायची ढब आहे, तुम्हाला कळत नाही.' माणसं तीच, बाकं तेवढी बदलली.

माझे प्रश्न दोन. एक, नेत्याचं डोकं शाबूत आहे की नाही हे पक्ष बाजूला ठेवून ठरवायची काही रीत आहे का? दोन, स्मरणशक्ती ठणठणीत आहे पण स्वभावच असा आहे की खुर्चीवर बसवायला भीती वाटावी, अशा माणसाचं काय करायचं? मी इथला मतदार आहे, त्यामुळे माझ्यासाठी हा नुसता टाइमपास नाही. कृपया 'तुमचे ते तसे, आमचे हे असे' टाळा.

खडूस
शेवटची ओळ वाचून हसू आलं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पाटावरवंटा
रीत आहे की. ट्रम्पनी २०१८ च्या जानेवारीत स्मरणशक्तीची चाचणी दिली, ३० पैकी ३०. २०२५ च्या एप्रिलमध्ये परत ३० पैकी ३०. बायडनच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये तपासणी केली पण ही चाचणी घेतलीच नाही. विषय संपला, धागा बंद करा.

शामक
विषय तिथे संपत नाही, उलट तिथे सुरूही होत नाही. मी मानसोपचारात आहे, ही चाचणी आठवड्यातून बरेचदा घेतो, म्हणून सांगतो.

मॉन्ट्रियलची ही चाचणी म्हणजे दहा-पंधरा मिनिटांची चाळणी आहे. एक घनाकृती बघून उतरवायची, घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची, चित्रातल्या प्राण्यांची नावं सांगायची, पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने परत सांगायचे, १०० तून ७-७ वजा करत जायचं. २६ किंवा जास्त गुण म्हणजे ठीक. घड्याळात फार मजा असते. ज्यांचं बिनसायला लागलेलं असतं ते बारा आकडे नीट मांडतात, पण 'दहा मिनिटं' ऐकलं म्हणून काटा सरळ दहाच्या आकड्यावर नेऊन ठेवतात. दोनवर न्यायचा असतो. समोर बसलेल्या मुलाचा चेहरा तेव्हा पडतो, वडिलांना मात्र पत्ता नसतो.

यातून स्मृतिभ्रंशाची सुरुवात पकडता येते. माणूस विवेकी आहे का, रागाच्या भरात काय करेल, सल्ला ऐकतो का, यातलं काहीही या कागदावर मोजलं जात नाही. माझ्याकडे एक निवृत्त बँक अधिकारी आले होते. २८ गुण. पण बायको सांगत होती की जन्मभर चार आण्यांचा हिशेब ठेवणारा माणूस सहा महिन्यांत तिघांना उसने पैसे देऊन बसला, आणि भावाच्या तेराव्याला पाहुण्यांना चावट विनोद सांगत होता. मेंदूच्या पुढच्या भागाचा आजार निघाला. चाचणीत पास, बायकोच्या परीक्षेत नापास.

तेव्हा ३० पैकी ३० हे 'स्मरणशक्ती बरी आहे' याचं प्रमाणपत्र. 'राज्य करायला लायक' याचं नाही. उलट बाजूही तितकीच खरी: चर्चेत अडखळणं हे निदान नाही.

खडूस
म्हणजे नेत्याच्या बायकोला आयोगावर नेमायचं. मंजूर.

चिंचपोकळी
खडूस, हे झालंय. १९१९.

२ ऑक्टोबर १९१९ ला वुड्रो विल्सनना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली. पुढे मार्च १९२१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष, राष्ट्राध्यक्षापर्यंत कुठला कागद जायचा आणि कुठला नाही हे त्यांची पत्नी इडिथ ठरवत होती. डॉक्टर ग्रेसन बाहेर सांगत होते, थकवा आहे. परराष्ट्रमंत्री लॅन्सिंगनी मंत्रिमंडळाच्या बैठका घेतल्या, तर विल्सननी त्यांचा राजीनामा घेतला. डिसेंबरमध्ये दोन सिनेटर 'बघून तरी येऊ' म्हणून गेले. अंथरुणावर पांघरूण असं घातलेलं की लुळा हात दिसू नये. त्यातले फॉल विरोधी पक्षाचे. म्हणाले, आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतोय. विल्सननी विचारलं, 'कुठल्या बाजूने, सिनेटर?' असा किस्सा सांगतात. एवढ्या एका उत्तरावर 'डोकं एकदम जागेवर आहे' असा निकाल घेऊन दोघे परतले.

पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह त्याच काळात सिनेटमध्ये पडला. तडजोड करायला धडधाकट विल्सन असते तर काय झालं असतं, यावर इतिहासकार अजून भांडतात.

धाकटीपाती
आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सेम. चेअरमन काकांना दोन वर्षं काही आठवत नव्हतं. खजिनदार कोऱ्या चेकबुकवर त्यांच्या सह्या घेऊन ठेवायचा. सर्वसाधारण सभेत काका पहिल्या रांगेत शाल घालून बसलेले, प्रत्येक ठरावाला मान डोलवायचे. लिफ्टचं कंत्राट झालं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, आणि पावसाळ्यात गच्ची गळायला लागल्यावर कळलं की कंत्राटदार खजिनदाराचा साडू. काका बिचारे देवमाणूस. त्यांना काढावं असं कुणालाच वाटत नव्हतं, कारण ते होते म्हणून सगळ्यांचं चाललं होतं.

शामक
@धाकटीपाती, हे मी वाचनखूण म्हणून ठेवतोय. आजारी माणसापेक्षा त्याला खुर्चीत बसवून ठेवण्यात ज्यांचा फायदा आहे त्यांच्याकडे बघा, हे आमच्या पुस्तकात नसतं.

पाटावरवंटा
मग तेच तर बायडनच्या बाबतीत झालं! २०२४ च्या फेब्रुवारीत चौकशी अधिकारी रॉबर्ट हर यांनी अहवालात लिहिलं होतं की हा भला, वयस्कर आणि स्मरणशक्ती कमजोर असलेला माणूस आहे. तेव्हा सगळे त्या अधिकाऱ्यावरच तुटून पडले. आणि जुलै २०२५ मध्ये संसदीय समितीपुढे बायडनच्या डॉक्टरांनी उत्तरं द्यायला नकार दिला.

हडसनकाठ
पाटावरवंटा, हा मुद्दा मान्य आहे, आणि बाक बदललं तरी मान्य राहील. भोवतालच्या लोकांनी झाकलं. प्रश्न हा की पुढच्या वेळी झाकता येऊ नये म्हणून काय.

ओसरी
डॉक्टरांनी लांबून निदान केलं तर काय होतं त्याची गोष्ट सांगते, कारण ती नेहमी अर्धवट सांगितली जाते.

१९६४. रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर. अण्वस्त्रांबद्दल बेछूट बोलायचे. क्रेमलिनच्या पुरुषांच्या मुतारीत एक टाकायला हवा, असं बोलून गेलेले. रणांगणावरची छोटी अण्वस्त्रं वापरायचा निर्णय नाटोच्या सेनापतीवर सोपवावा, असंही त्यांचं मत होतं. तर 'फॅक्ट' नावाच्या मासिकाने अमेरिकेतल्या १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना पत्र पाठवून विचारलं, हा माणूस राष्ट्राध्यक्ष व्हायला मानसिकदृष्ट्या लायक आहे का? २,४१७ जणांनी उत्तर दिलं. १,१८९ म्हणाले नालायक, ६५७ म्हणाले लायक, ५७१ म्हणाले आम्हाला पुरेशी माहिती नाही. मासिकाने ठळक मथळ्यात छापलं की १,१८९ तज्ज्ञ म्हणतात हा नालायक. लिहिलेल्या उत्तरांत तर कुणी त्यांना वेडसर ठरवलं, कुणी हिटलरशी तुलना केली. एकानेही त्यांना तपासलेलं नव्हतं.

गोल्डवॉटर पडले, जॉन्सननी ४४ राज्यं घेतली. पण गोल्डवॉटर मासिकावर खटला जिंकले, ७५,००० डॉलर दंड झाला, आणि १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दखल घ्यायला नकार दिला. १९७३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने नियम केला: स्वतः तपासल्याशिवाय आणि परवानगीशिवाय कुठल्याही सार्वजनिक व्यक्तीचं निदान करायचं नाही. त्याला गोल्डवॉटर नियमच म्हणतात.

पुढचा भाग लोक विसरतात. हेच 'नालायक' गोल्डवॉटर परत सिनेटर झाले, आणि ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनकडे गेलेल्या तिघांत होते. 'महाभियोगातून वाचायला तुमच्याकडे मतं उरली नाहीत' हे तोंडावर सांगायला. दोन दिवसांत निक्सन गेले.

माझं म्हणणं असं की १९६४ ला गोल्डवॉटरना नाकारायला ती मुतारीची एक ओळ आणि नाटोचं ते मत पुरेसं होतं. मतदाराने तेवढ्यावर 'नको' म्हणावं. त्यावर रोगाचं लेबल चिकटवायची गरजच नव्हती. लेबल चिकटवलं की चर्चा धोरणावरून उठते आणि दवाखान्यात जाऊन बसते.

मिरजमळा
ओसरी, नेहमीसारखं छान लिहिलंय पण असहमत. हा नियम म्हणजे धंद्याने स्वतःची अब्रू वाचवायला केलेला नियम आहे. रस्त्यावर एखादा फेफरं येऊन पडला तर डॉक्टर म्हणत नाही की याने माझा केसपेपर काढलेला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या २७ तज्ज्ञांनी एकत्र येऊन ट्रम्पबद्दल लिहिलं, त्यांची भूमिका हीच होती की धोका दिसतोय तर सांगणं आमचं कर्तव्य आहे. आणि आता तर नेत्याचं पन्नास वर्षांचं बोलणं, मुलाखती, रात्री दोनच्या पोस्टी सगळं उघड्यावर आहे. एका तासाच्या भेटीत रुग्ण जेवढं दाखवतो त्यापेक्षा कितीतरी जास्त. शामकसाहेब, तुम्ही खरं सांगा, टीव्ही बघताना मनात निदान येत नाही?

शामक
येतं. आणि ते मनातच ठेवतो.

टीव्हीवर दिसतो तो माणूस नसतो, भूमिका असते. आक्रस्ताळेपणा मतं मिळवून देत असेल तर तो आजार की हिशेब, हे लांबून ओळखता येत नाही. शिवाय आमच्या व्याख्येत विकार म्हणायला त्या माणसाला त्याचा त्रास व्हावा लागतो किंवा कामधंदा-संसार बसावा लागतो. ज्याला त्या स्वभावामुळे देशातली सर्वोच्च खुर्ची मिळाली, दोनदा, त्याचं काय बसलं? त्रास इतरांना होतो, ते वेगळं. त्यासाठी निवडणूक आहे, औषध नाही.

तिसरं, आणि मला हे सगळ्यात खुपतं. तुम्ही 'तो वेडा आहे' म्हणता तेव्हा माझ्या बाहेरच्या बाकावर बसलेली पोरगी ते ऐकते.

सांजवात
शामक यांच्या शेवटच्या ओळीला माझ्याकडून अनुमोदन. मी स्वतः काही वर्षं नैराश्याच्या गोळ्या घेते, एका खात्यात बऱ्यापैकी वरच्या पदावर काम करते आणि ऑफिसात कुणालाही माहीत नाही. का नाही, तर टॉम ईगलटन.

१९७२, राष्ट्राध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार मॅकगव्हर्ननी उपाध्यक्षपदासाठी त्यांना निवडलं. मग बाहेर आलं की नैराश्यासाठी तीनदा इस्पितळात होते, विजेचे झटके घेतले होते. मॅकगव्हर्न म्हणाले मी हजार टक्के पाठीशी आहे. १८ दिवसांत ईगलटन उमेदवारीवरून बाहेर. आणि तोच माणूस १९८७ पर्यंत सिनेटर म्हणून व्यवस्थित काम करत होता, मिसुरीच्या लोकांनी त्यानंतरही दोनदा निवडून दिला.

उलट नॉर्वेचे पंतप्रधान बोंडेविक. १९९८ च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगितलं की मला नैराश्याने गाठलंय, रजा घेतोय. काही आठवड्यांनी कामावर हजर. लोकांची पत्रं आली ढिगाने. २००१ ला परत पंतप्रधान. मला विचाराल तर खुर्चीत बसलेला माणूस 'मला बरं नाही, तोवर दुसऱ्याने बघा' एवढं म्हणू शकतो का, ही एक कसोटी पुरे. जो ते म्हणूच शकत नाही त्याची मला भीती वाटते, मग त्याचे गुण ३० असोत.

मिरजमळा
@सांजवात, दंडवत. 'वेडा' हा शब्द मी वापरला नव्हता, पण मुद्दा पोचला.

रिकामटेकडा
एवढे लांब कशाला जाता, आमच्या औरंगाबादेजवळ दौलताबाद आहे. महंमद तुघलक, १३२७, दिल्लीची राजधानी देवगिरीला. सातशे वर्षं झाली, अजून 'तुघलकी कारभार' म्हणतो आपण. त्याची घ्या आधी चाचणी.

चिंचपोकळी
दक्षिणेवर पकड ठेवायला दख्खनेत ठाणं हवं हा विचार वेडा नव्हताच. त्याची तांब्या-पितळेची नाणी पण कल्पना म्हणून काळाच्या पुढची होती, घरोघरी टांकसाळी निघतील हे त्याने धरलं नाही. तो हुशार होता आणि त्याला 'नाही' म्हणणारं कुणी नव्हतं. हे मिश्रण फार वाईट.

आबोली
गोव्यातून. मुख्यमंत्री मनोहरभाई पर्रीकरांचा विषय कुणीतरी काढणार म्हणून मीच काढते. २०१८ च्या फेब्रुवारीत आजार कळला, मग मुंबई, अमेरिका, दिल्ली. जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी घालून विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. निम्म्या गोव्याने डोळे पुसले. निम्मा म्हणत होता, सरकार कोण चालवतंय ते सांगा. प्रकृतीची माहिती जाहीर करा म्हणून उच्च न्यायालयात याचिकासुद्धा झाली. १७ मार्चला गेले. त्यांची बुद्धी शेवटपर्यंत तल्लख होती याबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती. मग लायक होते की नव्हते?

खडूस
आबोली, हा शरीराचा आजार. धाग्याचा विषय डोकं.

आबोली
सचिवालयात अडकलेल्या फायलीला काय फरक पडतो? तिला सही हवी असते.

रंकाळा
उशिरा आलो पण कोल्हापूरकराशिवाय हा धागा पुरा होणं शक्य नाही. राज्यकर्त्याच्या डोक्याबद्दल महाराष्ट्रात आधीच एक मोठं प्रकरण होऊन गेलंय आणि त्यात टिळक-आगरकर तुरुंगात गेलेत.

कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज. १८७१ ला लहान वयात दत्तक येऊन गादीवर बसले. आजूबाजूला इंग्रज शिक्षक, इंग्रज रखवालदार, आणि कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हातात. पुढे सरकारने ठरवलं की महाराजांच्या बुद्धीला भ्रम झालाय. आता ठरवणारे कोण? कारभार ज्यांच्या हातात आहे तेच. आणि महाराज बरे झाले तर कारभार जाणार कुणाचा? त्यांचाच. पुण्यात कुजबूज सुरू झाली की महाराजांचा छळ होतोय, वेडेपण मुद्दाम आणलं जातंय. केसरी आणि मराठा सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांनी बर्व्यांची म्हणून मिळालेली पत्रं छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि पत्रं बनावट निघाली. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा, डोंगरीचा तुरुंग. १०१ दिवसांनी ऑक्टोबरात सुटले, तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे लिहिलंय, दोघांचा खोलीतला वाद रखवालदार येऊन थांबवायचा वगैरे.

महाराज मात्र सुटले नाहीत. त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. तिथेच २५ डिसेंबर १८८३ ला गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीत गेले. वय वीस.

मला यात दोन्ही बाजू दिसतात. पत्रं खोटी होती, म्हणजे संपादक फसले. पण 'राजा वेडा आहे' हे ज्यांनी ठरवलं त्यांचा त्यात स्वार्थ होता, आणि राजाची बाजू मांडायला कुणीच नव्हतं, हेही खरंच. आमच्याकडे अजून जुन्या घरांत यावर वाद होतात. महाराजांना खरोखर काय झालं होतं हे आज कुणीही सांगू शकत नाही.

ओसरी
रंकाळा, जर्मनीतल्या बव्हेरियाच्या राजा लुडविगचं तंतोतंत असंच. १८८६. डॉक्टर गुडनने राजाला न तपासता, नोकरचाकरांच्या जबान्यांवरून वेडा ठरवलं. काही दिवसांत राजा आणि डॉक्टर दोघांची प्रेतं तळ्यात. कोल्हापूर आणि म्युनिक, मध्ये तीन वर्षं सुद्धा नाहीत.

शामक
टिळक-आगरकरांचा खटला शाळेत पाठ केला होता, त्याच्या मुळाशी मानसिक आरोग्याचा प्रश्न होता हे इतकी वर्षं या धंद्यात असून कधी डोक्यात आलं नव्हतं. धन्यवाद.

तारीखपेतारीख
वकिलाचे दोन पैसे. आपल्याकडे कायदा अगदी थोडक्यात आहे. राज्यघटनेचं कलम १०२ खासदारासाठी, १९१ आमदारासाठी: मनोविकल असेल *आणि सक्षम न्यायालयाने तसं घोषित केलं असेल* तर अपात्र. तो 'आणि' महत्त्वाचा. वर्तमानपत्र, विरोधी पक्ष, डॉक्टर, कुणाचंही मत चालत नाही. पंतप्रधान झटका येऊन कोमात गेला तर काय, याचं वेगळं कलमच नाही. संसदीय पद्धतीत पक्ष दुसरा नेता निवडतो, एवढंच. जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरला नेहरूंना झटका आला, तेव्हा शास्त्रींना बिनखात्याचे मंत्री करून आणलं आणि गाडा मेपर्यंत ओढला.

आणि मतदार काय करतो? १९८४ ला तामिळनाडूचे एमजीआर न्यूयॉर्कच्या इस्पितळात होते, बोलता येत नव्हतं. प्रचाराला एक दिवस न येता निवडून आले आणि तीन वर्षं मुख्यमंत्री राहिले.

अमेरिकेत २५ वी घटनादुरुस्ती आहे, १९६७ पासून. चौथा परिच्छेद: उपाध्यक्ष आणि बहुसंख्य मंत्री मिळून लिहून देतात की अध्यक्ष काम करायला असमर्थ आहे. अध्यक्ष 'मी बरा आहे' म्हणाला आणि ते अडून बसले तर २१ दिवसांत दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश. म्हणजे महाभियोगापेक्षाही अवघड. आजवर एकदाही वापरलेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहाने ट्रम्पबद्दल उपाध्यक्ष पेन्सना तसा ठराव पाठवला, त्यांनी नाही म्हटलं.

पाटावरवंटा
बरोबरच केलं. आवडत नाही म्हणून आजारी ठरवायचं ही रशियाची पद्धत. सोव्हिएत काळात विरोधकांना वेड्यांच्या इस्पितळात टाकायचे.

ओसरी
आज प्रथमच पाटावरवंटा यांच्याशी पूर्ण सहमत. तारीख लिहून ठेवते.

संपादक
रशियावरून सुरू झालेले सात प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा.

हडसनकाठ
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा फारच वरच्या पातळीवर गेला धागा. आता माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळूया का? स्मृतिभ्रंशाचं कळलं. स्वभावाचं काय? कारण विल्सन काय, चेअरमन काका काय, त्यांच्या चुका कागदावरच्या होत्या. माझ्या देशात एका माणसाच्या हातात अण्वस्त्रांची आज्ञा आहे. त्याला मंत्रिमंडळाला विचारावं लागत नाही, संसदेला नाही, कुणालाच नाही.

चिंचपोकळी
हा प्रश्न सरळ विचारणारा एक माणूस होऊन गेला. हेरॉल्ड हेरिंग, हवाई दलात मेजर, व्हिएतनाममध्ये बचाव मोहिमांवर हेलिकॉप्टर चालवलेला. १९७३ मध्ये क्षेपणास्त्रांच्या प्रशिक्षणात होता. क्षेपणास्त्र डागणाऱ्याची दर थोड्या दिवसांनी कसून छाननी होते: घरी भांडणं, दारू, औषधं, सगळं. याने वर्गात विचारलं, डागण्याची आज्ञा मला मिळाली, तर ती शहाण्या राष्ट्राध्यक्षाकडून आली आहे हे मी कसं ओळखायचं? उत्तर मिळालं नाही. त्याला प्रशिक्षणातून काढलं, मग सैन्यातून. अपिलात म्हणाले, तुला ते जाणून घ्यायची गरज नाही. पुढे ट्रक चालवायचा.

विचार करा, कळ दाबणाऱ्याची छाननी, आज्ञा देणाऱ्याची नाही.

मिरजमळा
आणि साल बघा, १९७३. निक्सन. पुढच्या वर्षी शेवटच्या दिवसांत संरक्षणमंत्री श्लेसिंजरनी सेनापतींना सांगितल्याचं म्हणतात की व्हाइट हाउसमधून काही विचित्र आज्ञा आली तर आधी मला विचारा. म्हणजे हेरिंगचा प्रश्न वरपर्यंत पोचलेला होता. खालच्याने विचारला म्हणून नोकरी गेली, वरच्याने गुपचूप सोडवला.

ओसरी
आणि ते घटनेत बसत नव्हतं. इथे मला खरंच कळत नाही कुणाची बाजू घ्यावी. न निवडलेल्या माणसांनी निवडलेल्याची आज्ञा अडवायची हे मान्य केलं तर दार कायमचं उघडं. नाही केलं तर हेरिंग.

शामक
स्वभावाबद्दल डॉक्टर म्हणून नाही, नागरिक म्हणून बोलतो. मी तीन गोष्टी बघतो. चूक निघाल्यावर काय करतो. ज्याच्याकडून काही मिळणार नाही त्याच्याशी कसा वागतो. आणि भोवती टिकलेली माणसं कोण आहेत, विशेषतः त्याला विरोध करून टिकलेली. यातलं सगळं पदवीशिवाय दिसतं, आणि निवडून यायच्या आधी दिसतं.

खडूस
या तिन्हीत आमचे नगरसेवक गारद.

धाकटीपाती
वयाची मर्यादाच लावा ना सरळ. सरकारी कारकुनाला अठ्ठावन्न-साठला घरी पाठवता. खासदारकीला किमान वय २५ आहे, कमाल काहीच नाही. ७५ ला बस म्हणा.

हडसनकाठ
इथेही तसं बोलतात. पण गंमत अशी की रेगन ७३ व्या वर्षी १९८४ च्या पहिल्या चर्चेत गडबडले, आणि दुसऱ्या चर्चेत 'माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी राजकारणासाठी फायदा घेणार नाही' म्हणून सभागृह खिशात घातलं. समोरचे मॉन्डेल ५६ वर्षांचे, तेही हसले. एका विनोदावर वयाचा प्रश्न मिटला. १९९४ मध्ये रेगननी स्वतः पत्र लिहून अल्झायमर जाहीर केला.

पाटावरवंटा
वयोमर्यादा लोकशाहीविरोधी आहे. मोरारजी ८१ व्या वर्षी पंतप्रधान झाले आणि ९९ पर्यंत जगले. डोकं शेवटपर्यंत तल्लख.

खडूस
मोरारजींचा जन्म २९ फेब्रुवारीचा. त्या हिशेबाने पंतप्रधान झाले तेव्हा विशीत होते.

चिंचपोकळी
१९. जन्म १८९६, पण १९०० हे लीप वर्ष नव्हतं.

तारीखपेतारीख
म्हणजे मतदानाचाही हक्क नव्हता. तेव्हा २१ लागायचं.